भाडं देऊन उरतं किती?

जून-जुलै उजाडला की लातूर, जळगाव, सांगली, अकोल्याची मुलंमुली पुण्या-मुंबईत पहिल्या नोकरीवर रुजू होतात. ऑफर लेटर येतं, घरी पेढे वाटले जातात आणि आठवडाभरातच आयुष्यातला पहिला मोठा आर्थिक निर्णय समोर येतो. राहायचं कुठे, आणि भाडं किती द्यायचं? ब्रोकरच्या गाडीवर मागे बसून दोन दिवसांत चार फ्लॅट बघायचे आणि त्यातला एक ठरवायचा, अशा घाईत हा निर्णय होतो. त्याचा भार मात्र पुढचे अकरा महिने वाहावा लागतो.

सल्ला सगळीकडे एकच मिळतो : पगाराच्या तीस टक्के. हा आकडा मुळात अमेरिकेतला. तिथल्या सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांवरचा बोजा कमी व्हावा म्हणून सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या घरांचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर रोखलं गेलं. १९८१ मध्ये ही मर्यादा ३० टक्क्यांवर नेली. हिंजवडीत नुकत्याच रुजू झालेल्या, डोक्यावर शैक्षणिक कर्ज असलेल्या मुलीचा विचार त्यात कुठून असणार? तिने आधी बघावं ते भाडं देऊन उरणाऱ्या पैशाकडे.

पॅकेज वेगळं, पगार वेगळा

हिशेबाची सुरुवातच अनेकदा चुकीच्या आकड्यावरून होते. चार लाखांचं पॅकेज म्हटलं की बाराने भागून महिना तेहतीस हजार धरले जातात. पण त्या चार लाखांत कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि वर्षाअखेरीस मिळाला तर मिळणारा बोनसही धरलेला असतो. पीएफ किमान मर्यादेवर, म्हणजे दरमहा १,८०० रुपये कापला जातो आणि वीस हजार रुपये बोनसपोटी राखले आहेत असं समजा. कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बोनस वजा केला की महिन्याला साधारण २९ हजार राहतात. त्यातून स्वतःचा पीएफ आणि व्यवसायकराचे २०० रुपये गेले की खात्यात जमा होतात जेमतेम २७ हजार. भाड्याचा विचार याच आकड्यावरून करायचा.

‘भाडं जास्त दाखवलं तर टॅक्स वाचेल’ हेही कानावर येतं. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत मिळत नाही आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तिथे तसाही कर भरावा लागत नाही. इतक्या पगारावर करबचतीसाठी महाग घर घेण्यात काहीच अर्थ नाही.

एकच पगार, दोन उत्तरं

आता २७ हजार पगाराच्या दोन मैत्रिणींची मांडणी करून पाहू. पहिलीने पाच लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं आहे. दहा टक्के व्याज आणि सात वर्षं मुदत धरली तर हप्ता येतो ८,३०० रुपयांच्या आसपास. घरी तीन हजार पाठवायचे, मेस आणि चहा-नाश्त्याला पाच हजार, मोबाइल, बस, कपडे, औषधं यांना तीन हजार. उरले ७,७००. राहण्याचा खर्च आणि बचत, दोन्ही यातच बसवायचं. तीस टक्क्यांच्या नियमाप्रमाणे ती ८,१०० रुपये भाडं देऊ शकते, पण तसं केलं तर पहिल्याच महिन्यात तिला कुणाकडे तरी हात पसरावा लागेल. तिच्यासाठी साडेपाच हजारांची कॉट बेसिसवरची जागाच योग्य.

दुसरीवर कर्ज नाही आणि घरी पैसे पाठवायची गरज नाही. खाणं आणि इतर खर्च जाऊन तिच्याकडे १९ हजार राहतात. तिने फ्लॅटमध्ये स्वतंत्र खोलीसाठी सगळं धरून दहा हजार दिले तरी नऊ हजार शिल्लक राहतात. पगार एकच असूनही तिचं परवडणं जवळपास दुप्पट आहे.

यात एक खाचखळगा आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता बहुतेक वेळा अभ्यासक्रम संपल्यावर लगेच सुरू होत नाही, वर्षभरापर्यंत सवलत मिळते. त्या वर्षात हात मोकळा वाटतो, महाग घर घेतलं जातं आणि हप्ता सुरू झाला की सगळं कोलमडतं. म्हणून हप्ता पहिल्या महिन्यापासूनच सुरू आहे असं समजून घर निवडावं आणि ती रक्कम बाजूला टाकत राहावी.

जाहिरातीतलं भाडं आणि खरं भाडं

चौघांनी मिळून ३२ हजारांचा टू बीएचके घेतला, तर प्रत्येकी आठ हजार. त्यावर लाइट बिल, इंटरनेट, गॅस, कामवाल्या मावशी यांचे हजारेक रुपये. ब्रोकरने एक महिन्याचं भाडं दलाली घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याची आठ हजारांची ती रक्कम अकरा महिन्यांत विभागून महिना सव्वासातशे. म्हणजे खरं भाडं पावणेदहा हजारांच्या घरात. शिवाय ८० हजार डिपॉझिट असेल तर वाट्याला वीस हजार. डिपॉझिट, दलाली आणि पहिलं भाडं मिळून पहिला पगार होण्याआधीच ३६ हजार लागतात, आणि गादी-बादली वेगळीच. घर वारंवार बदलणं किती महागात पडतं, ते यावरून कळेल.

लांबचं स्वस्त घर हा नेहमीचा उपाय. समजा ते ऑफिसपासून वीस किलोमीटरवर आहे. महिन्याच्या २२ दिवसांत दुचाकी ८८० किलोमीटर धावेल, वीस लिटर पेट्रोल लागेल आणि त्याचेच दोन हजार होतील. पुण्याच्या वाहतुकीत रोज दोन तास जास्त गेले तर महिन्याचे ४४ तास होतात, एका संपूर्ण कामाच्या आठवड्याहूनही अधिक. दोन हजारांहून कमी फरकासाठी हा व्यवहार करू नये. मुंबईत लोकलच्या पासमुळे गणित बदलतं. तिथे अंतरापेक्षा स्टेशनपासून चालत किती मिनिटं लागतात, ते विचारावं.

जागा वाटून घेण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. मुंबईतल्या गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार राहत, आणि त्यांचा डबा खानावळवाल्या बायका करत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये याच बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. या शहरात पाय रोवणाऱ्या असंख्य कुटुंबांची सुरुवात अशाच खोल्यांतून झाली आहे.

सही करण्यापूर्वी

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी झाली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, शिवाय परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर धरलेल्या व्याजामुळे थोडं अधिक. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क हजार रुपये. नोंदणी ऑनलाइन होते. करारात लॉक-इन आणि नोटिशीचा काळ नीट वाचा, डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि ताबा घेताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून घरमालकाला पाठवा.

मग भाडं किती? माझं उत्तर असं : हप्ता, घरचे पैसे, जेवण आणि इतर खर्च बाजूला काढल्यावर, राहण्याचा एकूण खर्च भागवूनही दरमहा पगाराचा किमान दहावा हिस्सा शिल्लक पडेल इतकं. वरच्या पहिल्या मैत्रिणीला ५,५०० देऊन २,२०० उरतात, म्हणजे तिला दहाव्या हिश्शाला थोडंसं कमी पडतं. तिने दुसऱ्या कुठल्या खर्चात पाचशे वाचवावेत. ही शिल्लक साठवून पहिलं लक्ष्य तीन महिन्यांच्या खर्चाचं ठेवावं. तेवढे पैसे गाठीशी असले की रात्री बारापर्यंत राबवणाऱ्या, अपमान करणाऱ्या साहेबासमोर राजीनामा ठेवता येतो आणि दुसरी नोकरी शांतपणे शोधता येते. भाड्यात वाचवलेल्या पैशाची विशी-पंचविशीतली खरी किंमत हीच आहे, आणि पालकांनीही मुलांना फ्लॅट कसा आहे हे विचारण्याआधी किती उरतं ते विचारावं.