रिकाम्या रकान्यांचा हिशेब

मागच्या वेळी आपण अनुमानाबद्दल बोललो. तेव्हा एका संशोधक मुलीनं प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर आज देतो. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, संख्याशास्त्राचा नव्हे. पण तिचा प्रश्न मुळात ज्ञानाचाच आहे.

तिनं आपल्या कळंब, भूम, वाशी भागातल्या कुटुंबांची पाहणी केली. बागायती जमीन एक एकरानं जास्त असेल तर वर्षाचं उत्पन्न कितीनं जास्त असतं, हे तिला काढायचं होतं. याला रिग्रेशन म्हणतात. अडचण अशी, की उत्पन्नाचे बरेच रकाने रिकामे राहिले. दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला जातात. घराला कुलूप, नाहीतर घरी म्हातारी माणसं. ती म्हणतात, "आम्हाला काय ठाऊक बाबा, पोरगं आल्यावर इचारा."

आता हे अर्धवट फॉर्म सरळ काढून टाकले तर काय होईल? ऊसतोड करणारी घरंच पाहणीतून गळतील. म्हणजे ज्यांच्यासाठी पाहणी केली, तीच माणसं बाहेर! आणि रिकाम्या जागी शून्य लिहिलं तर तेही खोटंच. आपल्याकडे भाट्ट मीमांसक आणि अद्वैती 'अनुपलब्धि' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. पण अट घालतात: वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घागर दिसली नाही, तर ती नाही. अंधारात दिसली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. रिकामा रकाना ही अंधारातली घागर आहे.

मग करायचं काय? डोनाल्ड रुबिन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं यावर मार्ग काढला. त्याचं पुस्तक १९८७ साली आलं. तो म्हणतो, जमीन, जनावरं, शिक्षण, स्थलांतर या भरलेल्या रकान्यांवरून रिकाम्या जागेचा अंदाज करा. पण एकदाच भरू नका. एकदाच भरलेला आकडा तक्त्यात असा बसतो, जणू घरमालकानंच सांगितलाय. म्हणून अनेकदा भरा, दर वेळी थोडा वेगळा. आज २० किंवा त्याहून जास्त संच करतात. समजायला आपण ५ घेऊ.

५ संच म्हणजे ५ रिग्रेशन, ५ उत्तरं. त्यांतून एक निकाल कसा काढायचा, इथंच मुलं चुकतात. कुणी पहिल्या संचाचा तक्ता उचलतो. कुणी पाचही संच एकाखाली एक जोडून एकच रिग्रेशन चालवतो; संगणकाला वाटतं, कुटुंबं पाचपट झाली. कुणी पाच पी-मूल्यांची सरासरी काढतो. तिन्ही चूक.

रुबिनचा नियम फळ्यावर मांडू. आकडे माझे, नुसत्या उदाहरणाचे. समजा पाच सहगुणक आले: ११, १५, १३, १८, ८ हजार रुपये. सरासरी १३. हे आपलं उत्तर. आता शंका किती? प्रत्येक रिग्रेशनचा स्टँडर्ड एरर समजा ६. त्याचा वर्ग ३६. ही नमुना घेतल्यामुळे येणारी शंका. पण पाच उत्तरं आपसांतही जुळत नाहीत. सरासरीपासून त्यांचे फरक −२, २, ०, ५, −५. वर्गांची बेरीज ५८, भागिले ४, म्हणजे १४.५. ही रिकाम्या जागांमुळे आलेली शंका. संच पाचच आहेत म्हणून तिला १ अधिक एक-पंचमांश, म्हणजे १.२ नं गुणायचं: १७.४. एकूण ५३.४, वर्गमूळ सुमारे ७.३.

फरक पाहा. ६ धरलं तर १३ भागिले ६, म्हणजे २.१७, संशोधक म्हणणार, "परिणाम सिद्ध झाला." ७.३ धरलं तर १.७८. आता तसं म्हणता येत नाही. डेटा तोच, उत्तर १३ च. फक्त न कळण्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला.

'आर' मध्ये 'माइस' नावाचं पॅकेज आहे. त्यात 'विथ' नं पाचही रिग्रेशन चालतात, 'पूल' हा नियम लावतं, आणि त्यावर 'समरी' चालवली की तक्ता मिळतो. तोच प्रबंधात द्यायचा, 'विथ' मधलं पहिलं मॉडेल नव्हे. आणि रिग्रेशनमधले सगळे रकाने जागा भरतानाही वापरायचे. नाहीतर त्यांच्यातला संबंधच पुसट होतो.

एक मर्यादा सांगतो. रोजच्या वापरातली ही रीत असं गृहीत धरते, की रकाना रिकामा का राहिला याचा उलगडा भरलेल्या रकान्यांतून होतो. कुणी उत्पन्न फार कमी म्हणूनच लपवलं असेल आणि इतर रकाने ते सांगत नसतील, तर अंदाज चुकणार. मग वेगवेगळी गृहीतकं धरून निकाल किती बदलतो, ते तपासावं लागतं.

त्या मुलीला मी एवढंच म्हणालो: किती रकाने रिकामे होते, का होते, किती वेळा भरले, हे तक्त्याखाली लिही. उद्या त्या आकड्यावरून एखादी योजना ठरेल. कुलूप लावून गेलेल्या घराबद्दल आपल्याला नक्की किती ठाऊक आहे, हे ठरवणाऱ्याला कळलं पाहिजे.

आता प्रश्न विचारा.