जास्वंदीवरचा प्रत्येक पांढरा किडा दुश्मन नसतो

अंगणातली जास्वंद, म्हणजे आपल्या घरातला गुडहल, नुसती शोभेची नाही. अम्मी-खाला तिची पाने-फुले वाटून केसांना लावतात, तेलात उकळतात, कुणी फुलांचा चहाही करते. म्हणूनच तिच्यावर कीड पडली की दुकानातून आणलेले जहर फवारण्याआधी दहा वेळा विचार करायला हवा.

शेंड्यावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो, तो पिठ्या ढेकूण. हा खवले किडीच्याच खानदानातला. सोंड खुपसून रस पितो, मग पाने आकसतात, कळ्या गळतात. अंगावर मेणाचा थर असल्याने औषध नीट लागत नाही. शिवाय तो गोड चिकट पाणी टाकतो. त्यावर काळी बुरशी चढते आणि मुंग्या जमतात. मुंग्या या गोडीसाठी त्याची चक्क राखण करतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात. त्यामुळे आधी मुंग्यांची वाट बंद करा.

आता आमची चूक सांगतो. शाळेच्या बागेत मुलांना घेऊन आम्ही ब्रशने पांढरे किडे खरडून काढले. त्यात काही मोठे, लांब पांढऱ्या झालरीचे आणि भराभर चालणारेही होते. ते निघाले क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याच्या अळ्या, म्हणजे पिठ्या खाणारे आपले दोस्त! पिठ्या जागेवरून फारसा हलत नाही, अळी मात्र फिरत असते. एवढी खूण लक्षात ठेवा. मोठा झाल्यावर हा ढालकिडा काळपट दिसतो, डोके नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण भारतात 1898 मध्येच आणला गेला.

दुसरा दोस्त त्याहून लहान. कपाशी ही जास्वंदीच्याच कुळातली. 2005 नंतर कपाशीवर अमेरिकेकडचा एक पिठ्या ढेकूण पसरला आणि शेतकरी हैराण झाले. मग शेतातच एक बारीक परोपजीवी माशी आढळली, कुणी मुद्दाम सोडलेली नव्हती. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ मोहम्मद हयात यांनी 2009 मध्ये तिचे वर्णन करून एनासियस बंबावालेई असे नाव दिले. पुढे ती अमेरिकेत आधीच नोंदलेली जात असल्याचे ठरले आणि नाव बदलले, काम मात्र तेच. मादी पिठ्याच्या अंगात अंडे घालते, अळी त्याला आतून खाते. पिठ्या तपकिरी, कडक, पिंपासारखा होतो आणि त्याला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते.

तेव्हा घरी काय कराल? फार भरलेले शेंडे कापा, पण आधी नीट पाहा. तपकिरी कडक दाणे किंवा फिरणाऱ्या अळ्या असतील तर तो शेंडा राहू द्या. बाकी ठिकाणी पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरीही न हटल्यास साबणाचे पातळ पाणी, तेही फक्त किडीवर, कारण ते दोस्तांनाही मारते. मुलांना दाखवायचे असेल तर दोन-चार तपकिरी दाणे काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलचे कापड बांधा. काही दिवसांत माश्या निघतील, मग बरणी जास्वंदीखाली नेऊन उघडा.