घरातील समुद्र : पंपाचा आवाज आणि पाण्याची उष्णता

आपल्या शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत समुद्री माशांची एक मोठी काचपेटी असावी, असा विचार माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत पुढे आला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. रत्नागिरीच्या मुलाला समुद्र नवा नाही. परंतु पाण्याखालचा समुद्र त्याने बहुधा पाहिलेला नसतो. पेटीसाठी जी जागा सुचवली गेली ती मात्र ऐकून मी थबकलो. प्रयोगशाळेची पश्चिमेकडील भिंत! या भिंतीवर दुपारभर ऊन असते आणि तिच्या काटकोनात, एका भिंतीपलीकडे, लहान मुलांचा शयनकक्ष आहे. त्या बैठकीत मी जे नीट मांडू शकलो नाही, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहीत आहे. घरी अशी पेटी ठेवू इच्छिणाऱ्या बंधुभगिनींनाही त्याचा उपयोग व्हावा.

मी व्यवसायाने वीजतंत्री आहे. काही वर्षांपूर्वी घराच्या माजघरात मी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचपेटी बसवली. तिच्याखाली लाकडी कपाटात गाळणीची दुसरी टाकी. दोन्ही मिळून पाणी सुमारे १,००० लिटर, म्हणजे एक टन वजन. वरच्या पेटीतले पाणी सांडव्यातून खाली यायचे, गाळून स्वच्छ व्हायचे आणि पंपाने पुन्हा वर जायचे. प्रवाळखडकांत राहणाऱ्या माशांना वाहते पाणी लागते. म्हणून वर आणखी दोन छोटे पंप नुसते पाणी ढवळण्यासाठी, आणि खाली घाण फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या स्किमरचा एक. हे चारही पंप रात्रंदिवस चालू. शेजारच्या खोलीत माझी आई झोपत असे. आठ दिवसांत ती म्हणाली, ‘‘बाळा, मासे सुंदर आहेत, पण रात्रभर कानात भुंगा फिरतो.’’

मी काय केले? कपाटाची दारे बंद केली, आतून थर्मोकोल आणि जाड स्पंज लावला, फटी बुजवल्या. आवाज निम्मा झाला आणि आईला झोप लागली. एप्रिलचा महिना होता. तिसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता उठून पाहतो तो सारे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करीत होते. तापमापकात ३३ अंश. सकाळपर्यंत पाच मासे गेले. आईने तो दिवस जेवण केले नाही. आपल्या झोपेपायी हे झाले, असे तिला वाटत राहिले. चूक तिची नव्हती. आवाज कोंडला की उष्णताही कोंडते, एवढी साधी गोष्ट वीजतंत्री असूनही माझ्या ध्यानात आली नव्हती.

पंप ही वस्तू पाणी हलवण्यासाठी असली, तरी प्रत्यक्षात ती पाणी तापवणारी शेगडीही असते. माझ्या मुख्य पंपावर ११० वॅट असे लिहिले होते. तो ताशी ३,००० लिटर पाणी सुमारे सव्वा मीटर उंच चढवीत असे. हिशेब केला तर हे चढवण्याचे खरे काम जेमतेम १० वॅटचे भरते. उरलेले १०० वॅट तारांच्या वेटोळ्यांत, घर्षणात आणि पाण्याच्या घुसळणीत उष्णता होऊन जातात. पंप पाण्यात बुडालेला असल्यामुळे ती सारी उष्णता पाण्यातच उतरते. वर चढलेले पाणीही शेवटी खाली पडून आपली ऊर्जा उष्णतेच्याच रूपाने परत करते.

माझे चारही पंप मिळून २०० वॅट होत. दिवसाचे २४ तास २०० वॅट, आणि पाणी १,००० लिटर. ही उष्णता बाहेर जायला वाटच नसेल तर पाणी दिवसाला सुमारे ४ अंशांनी तापेल. उघड्या पेटीत अर्थात वाट असते : पृष्ठभागावरून बाष्पीभवन होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता नेली जाते, ती २८ वॅटचा पंप दिवसभर चालवल्याने निर्माण होणाऱ्या उष्णतेएवढी असते. म्हणजे २०० वॅटसाठी रोज सात लिटर पाणी उडून जायला हवे. बंद कपाटात ते उडणार कसे? आतली हवा तासाभरात दमट होते आणि बाष्पीभवन थांबते.

येथे आपल्या कोकणाची एक खास अडचण आहे. या विषयावरचे बहुतेक सल्ले कोरड्या मुलखात राहणाऱ्या लोकांनी दिलेले असतात : पाण्यावर पंखा लावा, तीन-चार अंश सहज उतरतील. नागपूरला कूलर गार हवा देतो आणि तोच कूलर रत्नागिरीत आणला की घामाच्या धारा लागतात, हे आपण अनुभवतो. माठाचेही तसेच, देशावरचा माठ दात शिवशिववतो, आपल्याकडे तो नुसता बरा. कारण एकच. वाऱ्याने पाणी किती गार होऊ शकेल याला हवेच्या दमटपणाने घातलेली मर्यादा असते. पुण्याची ३६ अंशांची, २५ टक्के आर्द्रतेची हवा पाण्याला २१ अंशांच्या आसपास नेऊ शकते. आपली ३२ अंशांची, ७५ टक्के आर्द्रतेची हवा २८ अंशांखाली नेऊच शकत नाही, मग पंखा केवढाही लावा. तीही केवळ सिद्धांतातील सीमा. प्रत्यक्षात पंपांची उष्णता सतत भर घालीत असल्याने पाणी त्याहून एक-दोन अंश वरच राहते.

उष्णतेने मासे का तडफडतात, हेही सांगायला हवे. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. ३० अंशांना तो ६.२ च्या आसपास येतो. फरक थोडा दिसतो, परंतु तापलेल्या पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. एकीकडे पुरवठा आटतो आणि दुसरीकडे मागणी वाढते. प्रवाळ तर त्याहून नाजूक. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून केवळ एक अंश अधिक उष्ण पाणी चार आठवडे टिकले, तरी ते आपल्या पेशींतील शैवाल गमावून पांढरे पडू लागतात. १९९८ साली जगभर हे घडले. मालवणच्या सागरी अभयारण्यातही संशोधकांनी पांढरे पडलेले प्रवाळ नोंदले आहेत.

प्रवाळांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट करतो. शाळेच्या पेटीत समुद्रातून काढलेले जिवंत प्रवाळ असणार नाहीत, असू नयेत. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रघोड्यांनाही याच कायद्याचे संरक्षण आहे. कोणी हौसेने आणून देऊ लागला तरी नम्रपणे नकार द्यावा. भाजक्या मातीचे किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक आणि उबवणकेंद्रात वाढवलेले क्लाउनफिश एवढ्यावर उत्तम पेटी उभी राहते. मार्गदर्शनासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि त्याचे मत्स्यालय आपल्या गावात आहे, देवमाशाचा सांगाडा पाहण्यासाठी आपण सारेच लहानपणी तेथे गेलो आहोत. आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून हेच शास्त्र शिकवीत आहे.

आता आवाज. उष्णतेच्या मानाने आवाजात जाणारी ऊर्जा नगण्य असते. एका वॅटचा लाखावा भागही झोप मोडायला पुरतो. म्हणून आवाजाची वाट शोधणे महत्त्वाचे. माझ्या आईच्या कानातला ‘भुंगा’ पंपातून थेट हवेत येतच नव्हता. आपली वीज सेकंदाला ५० फेरे पूर्ण करते आणि प्रत्येक फेऱ्यात चुंबक दोनदा खेचला जातो. त्यामुळे पंप सेकंदाला १०० कंपनांनी थरथरतो. ही थरथर कडक पीव्हीसी नळीतून कपाटाला, कपाटातून लादीला आणि लादीतून भिंतीला पोचत होती. बाराशे रुपयांचा पंप वाजत नव्हता, माझे अख्खे माजघर वाजत होते. तंबोऱ्याची तार एकटी किती वाजेल? भोपळा तिला आवाज देतो.

हे कळल्यावर उपाय सोपे निघाले. पंपाखाली मऊ सिलिकॉनची गादी ठेवली. पंप आणि कडक नळी यांच्यामध्ये वीतभर मऊ नळी घातली. नळी भिंतीला जेथे टेकत होती तेथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. पंप उघडून पात्याभोवती साठलेला चुन्याचा थर व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून काढला; पाते एका बाजूला घासत असल्यामुळे होणारी खरखर तेवढ्यानेच गेली. हे काम दर तीन महिन्यांनी करावे लागते आणि ते टाळले की पंप आवाजही करतो आणि अधिक तापतोही.

उरला सांडव्याचा गुळगुळाट. पाणी हवेसकट नळीतून कोसळते तेव्हा तो होतो. नळीच्या खालच्या टोकाशी झडप बसवून ती हळूहळू इतकी आवळावी की नळी पाण्याने पूर्ण भरून वाहील; हवा आत शिरली नाही की आवाज संपतो. मात्र शेजारी दुसरी, उघडी नळी राखीव ठेवलीच पाहिजे. पहिली तुंबली तर पाणी तिच्यातून जाते, जमिनीवर नाही.

या सगळ्यापेक्षा मोठा फरक पडला तो पंप बदलल्याने. वेग कमीजास्त करता येणारा पंप मी घेतला. पात्याचा वेग पाचव्या हिश्शाने कमी केला की प्रवाहही तेवढाच घटतो, पण लागणारी शक्ती घनाच्या हिशेबाने, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येते. तिन्ही छोटे पंपही बदलल्यावर एकूण बेरीज २०० वरून ११५ वॅटवर आली. रोज सातऐवजी चार लिटर पाणी उडाले तरी पुरे. आवाज कमी, उष्णता कमी आणि वीजबिलही कमी. झाकण्याची गरजच उरली नाही; कपाटाची दारे मी काढून टाकली. (उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने करावी. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. त्यात पुन्हा समुद्राचे पाणी ओतले तर खारटपणा वाढत जातो. ही चूक नवखे हमखास करतात.)

तरीही एप्रिल-मे महिन्यांत पाणी २८ अंशांवर ठेवायचे तर आपल्याकडे शीतयंत्र लागतेच. ते पाण्यातून काढलेली उष्णता नाहीशी करीत नाही, बाहेर फेकते, आणि स्वतःची थोडी भर घालते. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी ते कपाटात ठेवले होते. यंत्र स्वतःच्याच उष्ण श्वासात घुसमटत दिवसरात्र चालत राहिले. मी ते आणि खालची टाकी दोन्ही मागच्या पडवीत नेली. मधली भिंत जांभ्याची, दीड फूट जाड. तिच्यात दोन भोके पाडून नळ्या रबरी वेष्टनातून ओवल्या. माजघरात आता पाण्याची हालचाल दिसते, ऐकू येत नाही.

शाळेच्या बाबतीतही असेच व्हावे, अशी माझी सूचना आहे. जागतिक आरोग्य संघटनेने झोपण्याच्या खोलीत आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे. शयनकक्षाला लागून असलेल्या भिंतीशी चार पंप आणि शीतयंत्र ठेवून ती मर्यादा पाळणे अवघड आहे, आणि झाकून पाळायला गेलो तर मासे मरतील. त्यामुळे पेटी उत्तरेकडील वाचनालयाच्या भिंतीशी असावी. पंप, टाकी आणि शीतयंत्र मागच्या व्हरांड्यात, जाळीच्या बंद पण हवेशीर खोलीत. मुलांचा वावर आणि खारे पाणी यांचा विचार करता, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण तेथे बसवल्याशिवाय एकही पंप सुरू करू नये. ते काम मी स्वतः विनामूल्य करून देईन. वीज गेली तर निदान हवेचे बुडबुडे सोडणारा, बॅटरीवर चालणारा छोटा पंप हाताशी हवा.

पेटी पावसाळ्यात सुरू करू नये. तेव्हा खाड्यांच्या मुखाशी समुद्राचे पाणी गढूळ आणि गोडसर झालेले असते. दिवाळीनंतरचे पाणी चांगले. राहता राहिला एकच प्रश्न, आणि त्याचे उत्तर व्यवस्थापन समितीने पेटी विकत घेण्यापूर्वी द्यावे, ही विनंती. सर्वांत उष्ण महिना मे. त्या महिन्यात मुले घरी जातात, वसतिगृह रिकामे होते. रोज सकाळ-संध्याकाळ तापमापक पाहायला, चार लिटर गोडे पाणी घालायला आणि वीज गेल्यास रात्री उठायला त्या दिवसांत शाळेत कोण असेल? दोन आठवडे मी येऊ शकेन. उरलेल्या दिवसांसाठी रत्नागिरीत राहणाऱ्या आणखी दोघा-तिघा माजी विद्यार्थ्यांनी आपली नावे कार्यालयात नोंदवावीत.