संस्थेच्या कार्यालयातील विजेची काटकसर

गावातील विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, ग्रामपंचायत, बाजार समिती अथवा दूध उत्पादक संस्था यांची कार्यालये ही शेतकऱ्यांच्याच मालकीची होत. तेथे जळणाऱ्या विजेचे देयक सभासदांच्या नफ्यातून किंवा ग्रामस्थांच्या करातून भागविले जाते. शेतातील पाटाला भोक पडले तर शेतकरी रात्री उठून ते बुजवितो. परंतु आपल्याच संस्थेच्या कार्यालयातून वीज वाया जात असेल तर तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण गळणारे पाणी दिसते आणि गळणारी वीज दिसत नाही. ही गळती कशी ओळखावी व ती कोणत्या क्रमाने थांबवावी, याचा विचार या लेखात केला आहे. या कामी क्रमाला विशेष महत्त्व आहे. आधी बांधबंदिस्ती आणि मग विहीर, हा शेतीतील नियम येथेही तंतोतंत लागू पडतो.

प्रथम मोजमाप

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. यावरून कोणत्याही उपकरणाचा खर्च सहज काढता येतो. कार्यालयातील पंखे, दिवे, संगणक, पाण्याचा पंप इत्यादींची यादी करून प्रत्येकापुढे त्याचे वॅट व रोजचे तास लिहावेत. एवढ्यानेच अधिक वीज कोठे जाते, हे ध्यानात येईल.

यानंतर एक सोपी परीक्षा करावी. सायंकाळी कार्यालय बंद करतेवेळी मीटरवरील आकडा लिहून ठेवावा व दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडताच पुन्हा आकडा पाहावा. कोणीही काम करीत नसताना मीटर किती पुढे सरकला, हे त्यावरून कळते. रात्रीचा पहारादिवा, कॅमेरे, दुधाचे शीतयंत्र अशा आवश्यक गोष्टींचा खर्च वजा करून जे उरेल, ती निव्वळ गळती समजावी. चालू राहिलेले संगणक, छपाईयंत्र, गरम व गार पाणी देणारे यंत्र, स्वच्छतागृहातील विसरलेला दिवा ही तिची नेहमीची कारणे होत.

ही गळती क्षुल्लक मानू नये. समजा, कार्यालय वर्षातून २४० दिवस, रोज ८ तास चालते आणि बंद असतानाही १०० वॅट वीज ओढली जाते. कामाच्या दिवसांतील बंद वेळेत ३८४ युनिट व सुटीच्या १२५ दिवसांत ३०० युनिट, अशी वर्षाला ६८४ युनिट वीज फुकट जाते. युनिटचा दर हिशेबासाठी १० रुपये धरला, तर ही रक्कम ६,८४० रुपये होते. खरा दर आपल्या देयकावरून पाहावा. ही गळती बंद करण्यास एक पैसाही लागत नाही. जाताना मुख्य बटणे बंद करण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नेमून दिली म्हणजे पुरे.

उष्णता बाहेरच अडवावी

पंखे व वातानुकूलन यंत्रे अधिक का चालवावी लागतात? खोली तापते म्हणून. यास्तव यंत्रांकडे वळण्यापूर्वी इमारतीकडे पाहणे अगत्याचे आहे. महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मे महिन्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस आपण याच महिन्यात अनुभवतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात भिंतींपेक्षा छतावर अधिक ऊन पडते. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब ती उष्णता हळूहळू खाली सोडतो, म्हणूनच दुपार कलल्यावर खोली अधिक उकडते. पत्र्याचे छप्पर तर ऊन वर येताच तापू लागते.

काळवंडलेला स्लॅब बहुतेक ऊन शोषून घेतो, तर पांढरा पृष्ठभाग त्याचा मोठा भाग परत फेकतो. म्हणून उन्हाळा सुरू होण्यापूर्वी स्लॅब स्वच्छ करून, भेगा व गळती दुरुस्त करून, त्यावर चुन्याचे दाट हात द्यावेत. चुना पावसाने धुपतो, म्हणून हे काम दरवर्षी करावे लागते. संस्थेची ऐपत असल्यास पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे अस्तर करून घ्यावे. ते अनेक वर्षे टिकते. पत्र्यास ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग द्यावा.

खिडक्यांचाही असाच विचार करावा. दक्षिणेकडील ऊन उंचावरून येते, ते साध्या छज्जाने अडते. पूर्व व पश्चिम दिशांचे ऊन मात्र तिरपे असल्याने छज्जाखालून आत शिरते. त्या बाजूंना व्हरांडा, बाहेरून लावलेले बांबूचे चटईपडदे किंवा झाडांची सावली उपयोगी पडते. पश्चिमेस कडुनिंबासारखे झाड भिंतीपासून पुरेसे अंतर राखून लावावे. पडदा काचेच्या आत लावण्यापेक्षा बाहेर लावणे चांगले; आतल्या पडद्यापर्यंत पोचलेली उष्णता बहुतांशी खोलीतच राहते.

वारा आणि उजेड

समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असल्या म्हणजे वारा खेळतो. गरम हवा वर चढते, म्हणून भिंतीच्या वरच्या भागातील झरोके कागद, पुठ्ठे किंवा जुन्या दप्तरांनी बुजवू नयेत. जाळी व गज पक्के असतील तर ते रात्रीही उघडे ठेवावेत. रात्रीच्या गार हवेने भिंती निवतात. बाहेर लू वाहत असताना मात्र खिडक्या बंद ठेवणेच हितावह असते.

कार्यालयाचे काम दिवसा चालते, तरी कित्येक ठिकाणी कपाटे खिडकीला लावलेली असतात व टेबले अंधाऱ्या कोपऱ्यात असतात. ही मांडणी बदलावी. टेबले खिडकीजवळ घ्यावीत, भिंती व छत यांस फिका रंग द्यावा व काचा पुसून ठेवाव्यात. सर्व दिवे एकाच बटणावर असल्यास खिडकीजवळच्या दिव्यांचे बटण वेगळे करून घ्यावे, म्हणजे गरजेपुरतेच दिवे लावता येतील.

यंत्रांची निवड

वरील कामे झाल्यावर यंत्रांकडे वळावे. छताचा साधा जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटारीचा नवा पंखा सुमारे ३० वॅटमध्ये तेच काम करतो. असे १० पंखे रोज ८ तास, वर्षाला २४० दिवस चालले, तर जुन्यांना १,४४० व नव्यांना ५७६ युनिट लागतात. म्हणजे ८६४ युनिट वाचतात. एका पंख्यास ३,००० रुपये पडले असे धरल्यास, याच १० रुपये दराने साडेतीन वर्षांत पैसे वसूल होतात. सर्व पंखे एकदम बदलण्याची जरुरी नाही. जे सर्वांत अधिक चालतात ते प्रथम बदलावेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पंखा खोली गार करीत नाही. अंगावरील घाम वाऱ्याने सुकतो, म्हणून माणसाला गारवा वाटतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

जुनी ४० वॅटची नळी चोकसह सुमारे ५० वॅट घेते, तर एलईडी नळी २० वॅटमध्ये पुरेसा उजेड देते. १२ नळ्या बदलल्यास वरील हिशेबानेच वर्षाला सुमारे ६९१ युनिट वाचतात. जुन्या साच्यात नवी नळी बसविताना जोडणी बदलावी लागते, म्हणून हे काम परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

वातानुकूलन यंत्र असल्यास ते २४ अंशांखाली ठेवू नये. तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रांसाठी २४ अंश ही मूळ मांडणी १ जानेवारी २०२० पासून बंधनकारक आहे. तपमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचे सांगणे आहे. पंखा मंद लावून यंत्र २६ अंशांवर ठेवले तरी बसणाऱ्यास सुख वाटते. यंत्राची गाळणी वरचेवर धुवावी व दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. नवे यंत्र घेताना केवळ किंमत न पाहता त्यावरील तारे व वार्षिक वीजखर्चाचा आकडा पाहावा. स्वस्त यंत्राची उरलेली किंमत आपण दरमहा देयकातून फेडीत असतो.

सौर संच शेवटी

अनेक संस्थांना छतावर सौर संच बसविण्याची इच्छा असते, व ती स्तुत्य आहे. कार्यालयाचे काम आणि सूर्याचे काम एकाच वेळी चालत असल्याने हा मेळ उत्तम जमतो. एक किलोवॅटचा संच सरासरीने रोज सुमारे ४ युनिट, म्हणजे वर्षाला १,४६० युनिटच्या आसपास वीज देतो. परंतु वरील हिशेबातील बंद वेळेची गळती, पंखे व नळ्या मिळून २,२३९ युनिट वाचतात. दीड किलोवॅटच्या संचाचे वर्षाचे उत्पन्नही जवळजवळ एवढेच. म्हणजे आधी काटकसर केल्यास तेवढा लहान संच पुरतो व भांडवल वाचते. गळक्या पाटासाठी मोठी विहीर खणण्यात शहाणपण नाही.

नोंदवही ठेवावी

प्रत्येक महिन्याच्या १ तारखेस मीटरचा आकडा वहीत लिहावा. तुलना रुपयांची न करता युनिटांची करावी, कारण दर बदलत असतात. तसेच मे महिन्याची तुलना एप्रिलशी न करता मागील वर्षीच्या मे महिन्याशी करावी. विजेचा भार कायमचा कमी झाल्यास देयकावरील मंजूर भारही तपासून पाहावा व तो कमी करून घेता येईल काय, याची वीज कंपनीकडे चौकशी करावी. ऊर्जा संवर्धनासंबंधी मार्गदर्शनासाठी महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच महाऊर्जा, या शासकीय संस्थेशी संपर्क साधावा.

ही नोंदवही वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे अवश्य ठेवावी. खत, बियाणे व कर्ज यांचा हिशेब सभासद विचारतात, तसाच विजेचाही विचारावा. आपल्या पंपाच्या देयकाकडे जो शेतकरी बारकाईने पाहतो, त्याने आपल्या संस्थेच्या देयकाकडेही त्याच नजरेने पाहिले, तर या कामास वेगळ्या तज्ज्ञाची वाट पाहावी लागणार नाही. आज सायंकाळी कार्यालय बंद होताना मीटरवरील आकडा लिहून ठेवावा. कामाचा आरंभ तेथूनच होतो.