रेड वाईन आणि हृदय

‘डॉक्टर, रेड वाईन हृदयाला चांगली म्हणतात. रात्री थोडी घेतली तर चालेल का?’ पन्नाशी ओलांडलेले रुग्ण हा प्रश्न मला हमखास विचारतात. या समजुतीचे मूळ फ्रान्समध्ये आहे.

फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राकाठी लांगदोक हा प्रांत आहे. तेथे रोमन काळापासून, म्हणजे दोन हजार वर्षे, द्राक्षमळे आहेत. १८६० नंतर फिलॉक्झेरा या मुळावरच्या किडीने ते उद्ध्वस्त केले. प्रांतातल्या माँपेलिए शहरातील प्लाँशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १८६८ साली ही कीड शोधली. पुढे अमेरिकन खुंटावर कलमे करून वेली वाचवल्या. (आपल्या बागायतदारांचा डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकेचाच!) १९०७ साली वाईनचे भाव कोसळले तेव्हा लाखो शेतकरी रस्त्यावर आले आणि नारबोन गावी सैनिकांच्या गोळीबारात माणसे मेली. तिथे वाईन ही चैन नव्हती, रोजची भाकरी होती. शाळेत जेवताना मुलांनाही ती मिळे; चौदा वर्षांखालील मुलांसाठी ती बंद झाली १९५६ साली!

१९९२ साली सर्ज रनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खाऊनही त्यांना हृदयविकार कमी होतो आणि याचे श्रेय वाईनला असावे. झाले! जगभर वाईन औषध ठरली.

पण पुढे या हिशेबात खोट निघाली. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले जात, त्यामुळे पिणारे अधिक निरोगी दिसत. शिवाय भूमध्य समुद्राकाठचे लोक भाज्या, कडधान्ये, मासे आणि ऑलिव्हचे तेल खातात, त्याचे काय? उलट मद्यार्काने कर्करोग होतो हे १९८८ सालीच मान्य झाले आहे. कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. खुद्द फ्रेंच लोक १९६० च्या सुमारास दरडोई वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाईन पीत. आता त्याच्या निम्मीही पीत नाहीत.

म्हणून माझे उत्तर असे: घेत नसाल तर हृदयासाठी म्हणून सुरू करू नका. मद्याने रक्तदाब वाढतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असतील, तर रिकाम्या पोटी घेतलेल्या पेल्याने साखर एकदम उतरू शकते. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. हातपाय थरथरणे, झटके, भ्रम असे जिवावर बेतणारे प्रकार होऊ शकतात. आधी डॉक्टरांना गाठावे.