लातूरचं ‘पाणी आलं’, बांद्याचं ‘पाणी इला’

नोकरीसाठी गाव बदललं की रूम, मेस, मित्र सगळं नव्याने शोधावं लागतं. ते जमतं. पण माती आणि पाऊस यांच्याशी जुळवून घ्यायचं ट्रेनिंग कुठलंच एचआर देत नाही!

मे २०१९. पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा आमच्या घरात जल्लोष झाला. वडिलांनी शेजारच्या दोन घरांत पेढे वाटले. पोरगी बँकेत ऑफिसर झाली आणि पहिलंच पोस्टिंग थेट बांद्र्याला! शाहरुखच्या शेजारी!

मी ऑर्डर पुन्हा वाचली. त्यात ‘र’ नव्हता.

बांदा. सिंधुदुर्ग जिल्हा, सावंतवाडी तालुका. तेरेखोल नदीच्या काठचं, मुंबई-गोवा हायवेवरचं महाराष्ट्राचं जवळपास शेवटचं मोठं गाव. पुढे पत्रादेवीचा नाका लागला की गोवा. आमच्या लातूरच्या ग्रुपमध्ये मात्र लगेच मेसेज पडले, ‘सॉलिड यार, रोज बीच!’ मंडळी, बांद्याला समुद्र नाही. एकेकाळी इथे बंदर होतं, आदिलशाहीत गावाचं नाव आदिलाबाद होतं आणि खाडीतून गलबतं इथपर्यंत यायची, हे खरं. पण बीचवर मी तीन वर्षांत मोजून सात वेळा गेले.

कोल्हापूरहून सावंतवाडीची एसटी पकडली. आजऱ्यापर्यंत ओळखीचं वाटत होतं. आंबोली आली आणि खिडकीबाहेर फक्त पांढरं. धुकं. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आमच्या लातूरची सरासरी आठशेच्या आतबाहेर, आणि तीही पडली तर! घाट उतरल्यावर धुकं संपलं आणि हिरवं सुरू झालं. ते संपलंच नाही.

तुम्हाला वाटेल, यात तक्रार कसली? इथे तर लोक पैसे देऊन राहायला येतात. खरं सांगू? पहिल्या पंधरा दिवसांत माझा जीव गुदमरला. लातूरला गच्चीवर उभं राहिलं की पार लांबचं गाव दिसतं. पाऊस कुठून येतोय ते अर्धा तास आधी कळतं. काळंभोर ढेकूळ, त्यावर तूर नाहीतर सोयाबीन, आणि वर आभाळ. आमच्याकडे आभाळ खूप आहे. बांद्यात खिडकी उघडली की समोर माड, माडामागे फणस, फणसामागे डोंगर. आभाळ तुकड्यातुकड्यांत. पाऊस दिसत नाही, आधी ऐकू येतो. पलीकडच्या पोफळींवर सर्रर्र आवाज होतो आणि तुम्ही दोरीवरचे कपडे काढायला धावेपर्यंत तो तुमच्या डोक्यावर असतो. तसे कपडे वाळलेलेच नसतात म्हणा. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या काकींनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं, ‘कपाटात बल्ब लाव गो, नायतर सगळा कुसतला!’ मला वाटलं चेष्टा करतायत. आठवड्याने इंटरव्ह्यूसाठी घेतलेल्या लेदरच्या बुटांवर हिरवी बुरशी आली. मग बल्ब लावला.

जेवणाचं वेगळंच. ज्वारीच्या भाकरीसाठी मी सोमवारचा आठवडा बाजार पालथा घालायचे. भाजीवाल्या मावशींनी मला ‘घाटावरची’ हे नाव कायमचं देऊन टाकलं. उकड्या तांदळाची पेज पहिल्यांदा पुढे आली तेव्हा मी काकींना विचारलं होतं, आजारी कोण आहे? आता ती मी आपणहून करते. कुळथाच्या पिठीचं मात्र पहिल्या घासातच जमलं.

बाग की जंगल?

माझं काम शेतीकर्जाचं. लातूरकडच्या पोरीला शेती शिकवायची काय गरज, असा माझा रुबाब होता. तो पहिल्याच साइट व्हिजिटला उतरला.

कर्ज मागणारे काका पुढे, मी छत्री सांभाळत मागे. एका ठिकाणी थांबून त्यांनी हात फिरवला, ‘ह्या गडग्यापासून थय व्हाळापर्यंत आमचा.’ गडगा म्हणजे दगड रचून केलेला बांध आणि व्हाळ म्हणजे ओढा, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला उतारावर कमरेएवढं रान आणि वेडीवाकडी झाडं एवढंच दिसत होतं. ना सरी, ना ओळी, ना बांधावरून एका नजरेत मावणारं शेत. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘जमीन पडीक, झाडीयुक्त.’ मॅनेजरसाहेब कुडाळचे. त्यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘मॅडम, ही पंधरा वर्षांची काजूची बाग आहे. हे जंगल असेल तर अर्धा जिल्हा जंगलच आहे.’

कर्ज माझ्या त्या एका ओळीमुळे दोन आठवडे लांबलं. काका काही बोलले नाहीत. पुढच्या मार्चमध्ये ते स्वतः मला त्याच बागेत घेऊन गेले. तेव्हा रान साफ केलेलं होतं, झाडांना लाल-पिवळी बोंडं लटकली होती आणि खाली पोरंबाळं बिया वेचत होती. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेल्या कलमांची झाडं कुठली आणि पूर्वीची गावठी कुठली, हे त्यांनी मला पानं हातात देऊन दाखवलं. जाण्याआधी अंगाला डीएमपी तेल लावायला लावलं. २०१७ मध्ये बांद्याच्या आसपास माकडतापाची साथ आली होती. गोचिडीतून पसरणारा हा आजार, आणि काजू वेचायचा हंगाम हाच त्याचाही हंगाम. बाहेरून येणाऱ्याला बोंडं दिसतात, गोचीड दिसत नाही.

सातबाराचंही तसंच. आमच्याकडे एका उताऱ्यावर दोन-तीन नावं आणि हेक्टरात जमीन. इथे जमीन गुंठ्यांत आणि नावं पानभर! निम्मे मुंबईला, काही गोव्यात, काही वारलेले. सगळ्यांच्या सह्या आणायच्या तर गणपतीची वाट बघायची, कारण तेव्हाच सगळे गावात असतात. ‘सप्टेंबरात या’ हे वाक्य मी ग्राहकांना सरकारी थाटात ऐकवायला शिकले.

आणि मी इथे नोकरीला आले याचं गावातल्या पोरांना कोण आश्चर्य! त्यांची स्वतःची नोकरी बॉर्डरपलीकडे. सकाळी सातला हायवेवर बघा, हेल्मेट घालून गोव्याकडे निघालेल्या बाइक्सची रांग. मार्च २०२० मध्ये गोव्याची सीमा बंद झाली तेव्हा ही रांग एका दिवसात थांबली. पगार पलीकडे, घर अलीकडे. आमच्या काउंटरवर तेव्हा सोनं तारण ठेवायला आलेले चेहरे मी विसरलेले नाही. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली, तेव्हा त्यातल्या काहींना तिथे काम मिळालं असं ऐकते.

दोन बादल्या

आता मूळ गोष्ट.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मिरजेहून दहा टँकरची पहिली गाडी आली, पाच लाख लिटरची. टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. मी तेव्हा बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत होते आणि आमच्या गल्लीत टँकर कधीही यायचा, रात्री दोनलाही. कुणीतरी ओरडायचं, ‘पाणी आलं!’ झोपेतून उठून हाताला येईल ते भांडं घेऊन धावायचं. आई घागर, मी दोन बादल्या, ठरलेलं. हे इतकं अंगात मुरलं की आजही अर्धवट झोपेत माझे हात बादलीची कडी शोधतात.

ऑगस्ट २०१९. बांद्यात येऊन मला दोन महिने झाले होते. पाऊस पाच-सहा दिवस थांबलेलाच नव्हता. मी पहिल्या मजल्यावर राहायचे, खाली काकींच्या यजमानांचं, म्हणजे तात्यांचं किराणा दुकान. पहाटे केव्हातरी खालून आरडाओरडा झाला, ‘पाणी इला! पाणी इला!’

मी उठले. मोरीतल्या दोन्ही बादल्या उचलल्या आणि जिना उतरले.

जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबावं लागलं, कारण खालच्या पायऱ्या नव्हत्याच. तेरेखोल दुकानात शिरली होती. तात्या मांडीभर पाण्यात उभे राहून तांदळाची पोती वर देत होते, काकी आणि शेजारची दोन मुलं ती ओढून घेत होती. टॉर्चच्या उजेडात तात्यांनी माझ्याकडे बघितलं, ‘बालदी कित्याक गो?’

मला उत्तर देता आलं नाही. बादल्या तिथेच टाकल्या आणि पोत्याला हात लावला.

दुपारपर्यंत बाजारपेठेत नुसतं तांबडं पाणी. पाणी उतरल्यावर चिखल, भिजलेली साखर, फुगलेल्या डाळी, आणि सगळीकडे एक आंबूस वास. त्याच आठवड्यात सांगली-कोल्हापूर बुडालं होतं, हायवे बंद होता, त्यामुळे घरी जायचा प्रश्नच नव्हता. लातूरकरांची तहान भागवायला ज्या मिरजेचं पाणी आलं होतं, त्या मिरजेत कृष्णा घुसली होती. आणि लातुरात? फोनवर आई सांगत होती की नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतंय. तिने विचारलं, ‘तिकडं पाऊस हाय का गं?’ मी म्हटलं, ‘आहे थोडा.’

खोटं का बोलले? कारण तिने पुढे विचारलं असतं, किती. आणि त्या उत्तराची मला लाज वाटली असती.

तात्यांनी दुकान धुऊन झाल्यावर भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने रेघ मारली. तिथे आधीच्याही रेघा होत्या. मग मला समोर बसवून समजावलं. ‘वयर घाटार पाऊस आणि सकल भरती, दोन्ही एकदम इला की पाणी बाजारात.’ तेरेखोल मनोहरगडाच्या बाजूला सह्याद्रीतून निघते आणि थोडक्या अंतरात समुद्राला मिळते. पडलेला पाऊस काही तासांत दारात. तो थांबतही नाही. जांभ्या दगडात झिरपतो, व्हाळातून पळतो आणि एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्यांतल्या विहिरी तळाला जातात. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात बायका मेमध्ये हंडे घेऊन उतार चढताना मी पाहिल्या. डिसेंबरात व्हाळावर वनराई बंधारा घालायला वाडीतली माणसं वाळूची पोती भरत होती तेव्हा मी सुट्टी काढून गेले. पोती भरता येणं हे तिथे माझं एकमेव क्वालिफिकेशन.

त्याच डिसेंबरात आई आली. एसटीतून उतरल्यावर तिने पहिलं काय केलं असेल? वाकून माती उचलली, बोटांत चुरली. ‘लालच हाय की. ह्यात येतंय तरी काय?’ परसातल्या विहिरीत चार हातांवर पाणी बघून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग काकींनी आग्रह केला तरी तिने अर्ध्या बादलीतच आंघोळ केली आणि तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला नेऊन ओतलं. काकी लांबून बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्याही ते पाणी झाडाला घालायला लागल्या. दोघींची भाषा एकमेकींना निम्मीच कळत होती, पण रात्री अकरापर्यंत गप्पा!

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी आदल्या दिवशी दुपारी मी नदीवर जाऊन आले होते. पाण्याचा रंग बदलला होता, वरून ओंडके येत होते आणि वहाळाचा आवाज नेहमीपेक्षा जाड होता. भरतीची वेळ तात्यांच्या कॅलेंडरवर बघितली. संध्याकाळी शिपायाला घेऊन ब्रँचमधल्या खालच्या कप्प्यांतल्या सगळ्या फाइल्स वर चढवल्या, मग घरी येऊन दुकानातली पोती. पहाटे पाणी आलं तेव्हा आम्ही चौघं जिन्यावर बसून चहा पीत होतो. काकी म्हणाल्या, ‘आता तू बांदेकरीण झालंस गो.’

२०२२ मध्ये बदली झाली. अर्ज मीच केला होता, वडिलांच्या तब्येतीमुळे. आता पुण्यात, आठव्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या टॉवरची खिडकी दिसते. कपाटात बल्ब नाही. सोसायटीला टँकर लागतो, मार्चपासून जवळपास रोज. वॉचमनकाका बीडचे. टँकर गेटवर आला की सवयीने खालून ओरडतात, ‘पाणी आलं!’

मी उठते. आणि एक क्षण कळत नाही, बादली घ्यायची की फाइल्स वर ठेवायच्या.