घोकू नका, बाण काढा : सेंद्रिय रसायनशास्त्राचं पहिलं वर्ष

आज समोर प्रथम वर्षाची बरीच मुलं दिसतायत, काहींचे पालकही आलेत. मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीने विचारलं, "सर, ऑरगॅनिकच्या एवढ्या रिअ‍ॅक्शन लक्षात कशा ठेवायच्या?" आजचं बोलणं या एकाच प्रश्नावर आहे.

आधी माझी गोष्ट. बारावीपर्यंत मी पाठांतरावर निभावून नेलं. कॉलेजात दोनशे पानी वही अभिक्रियांनी भरली आणि घोकली. पेपरात आलेलं संयुग नेमकं वहीत नव्हतं. नापास झालो. मेहनत कमी पडली नव्हती, चुकीच्या जागी गेली होती.

मग योग्य जागा कोणती? ब्रोमोमिथेन घ्या. एक कार्बन, त्याला तीन हायड्रोजन आणि एक ब्रोमीन. ब्रोमीन बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून कार्बनवर थोडा धनप्रभार येतो. तिथे हायड्रॉक्साइड आणा. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी आहे. ती जाणार कुठे? जिथे तूट आहे तिथे, म्हणजे कार्बनकडे. पण कार्बनला चारच बंध झेपतात. नवा जुळायचा तर एक जुना सुटला पाहिजे. ब्रोमीन त्या बंधातली जोडी घेऊन निघून जातो आणि मिथेनॉल तयार होतं.

हे कागदावर दोन वक्र बाणांनी दाखवायचं. बाण इलेक्ट्रॉनपासून निघतो आणि ते जिथे जातात तिथे पोचतो. धनप्रभारापासून बाण काढलात की चुकलात. केरमॅक आणि रॉबिन्सन यांनी 1922 मध्ये असे बाण वापरले. आज जगभरचे रसायनतज्ज्ञ याच खुणांनी बोलतात.

आता हायड्रॉक्साइडऐवजी सायनाइड ठेवा. बाण तेच, मिळतं अ‍ॅसिटोनायट्रिल. मिथॉक्साइड ठेवा, मिळतो डायमिथाइल ईथर. वहीत तीन नोंदी, पण घडतंय ते एकच.

आणखी एक पायरी. येणारी जोडी ब्रोमीनच्या बरोबर विरुद्ध बाजूने येते. वाऱ्याने छत्री उलटावी तसे तिन्ही हायड्रोजन पलीकडे झुकतात. समजा, या तीन हायड्रोजनच्या जागी तीन मिथाइल गट आहेत. मग मागचा रस्ताच बंद! भरलेल्या एसटीच्या दारासारखी गत होते, हायड्रॉक्साइडला आत शिरता येत नाही. मग ते दारातल्याच एखाद्या मिथाइल गटावरचा हायड्रोजन उचलतं, ब्रोमाइड सुटतं आणि मुख्यतः आयसोब्युटिलीन मिळतं. पुस्तकात हा अपवाद वाटतो. जागेची अडचण दिसली की तो अपवाद उरत नाही.

म्हणजे पाठांतर अजिबात नको का? हवं ना. क्रियाशील गट, नावं देण्याचे नियम, कोणता अणू इलेक्ट्रॉन जास्त ओढतो, हे पाठच असायला हवं. ती बाराखडी आहे. पण बाराखडी पाठ करतात, निबंध नाही.

घरी एवढंच करा. रोज पाच अभिक्रिया, पुस्तक मिटून, हाताने बाण काढत. अडलात तर पान उलटू नका. आधी स्वतःला विचारा, इलेक्ट्रॉन जास्त कुठे आहेत आणि कमी कुठे? बहुतेक वेळा पहिला बाण तिथेच सापडतो.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.